शेवटच्या पंगतीचा सूर्यास्त

नव्वदच्या दशकात माझी आई कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या आमच्या घरात, जेवणाची मेस चालवायची. या गावात खाणावळींना तोटा कधीच नव्हता. पण ज्या गावात रात्री नऊला तांबडा रस्सा उकळायला लागतो, त्या गावात आमची चूल दिवेलागणीलाच गार व्हायची. नवीन माणूस दारात येऊन विचारायचा, "रात्रीचं जेवण किती वाजता असतंय?" आई सांगायची, "रात्रीचं नसतंयच, पावणं." तो बिचारा मेसच्या फलकाकडं बघायचा, आमच्याकडं बघायचा आणि सायकलवर टांग मारायचा.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर खायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. शास्त्राप्रमाणं तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे पाऊणएक तास, आधीच हात धुवायला हवेत. पण कॉलेजातलं प्रॅक्टिकल संपवून धापा टाकत येणाऱ्या पोरांना ते कसं जमावं? म्हणून आईनं दोन घटकांचं स्वतःपुरतं पाळलं आणि मेसपुरती सूर्यास्ताची रेघ आखली. त्या रेघेपलीकडं मात्र कुणाचा वशिला चालत नव्हता. जयसिंगपूर, शिरोळ, पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंतच्या गावांतून शेतकऱ्यांची मुलंमुली शिकायला यायची आणि त्यांचे आईवडील आधी आमचं घर शोधत यायचे. खोली मागाहून बघायचे. सगळे आईला अक्का म्हणायचे. "अक्कांच्याकडं जेवतंय न्हवं? मग काय घोर न्हाय," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. आईला याचा गर्व होता आणि तो ती लपवायचीही नाही.

दाराशी एक पाटी टांगलेली असायची. रोज दुपारी तिच्यावर खडूनं त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लिहायची, हे माझं काम. वेळ बघायची ती मामाच्या दुकानाच्या कॅलेंडरवरून. मामाचं मुंबईला भांड्यांचं दुकान होतं आणि दर दिवाळीला तो गिऱ्हाइकांना वाटायची कॅलेंडरं आम्हालाही पाठवायचा. प्रत्येक तारखेखाली सूर्योदय आणि सूर्यास्त ठळक छापलेला. पाटीवरच्या वेळेच्या थोडं आधी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन मोठ्यानं ओरडायची, "पाणी प्या रे!" कारण कडक पाळणारे नंतर पाणीही घेत नसत. गल्लीत लोक तिच्या हाकेवर घड्याळ लावतात अशी चेष्टा व्हायची.

हिवाळा हा आमचा परीक्षेचा काळ. नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहालाच गडप होतो आणि कॉलेजं सुटतात साडेपाचला. पोरं सायकली दामटत यायची, चपला दारात फेकून थेट पाटावर. एकदा एक मुलगा सूर्य गेल्यावर पोहोचला. पंक्चर झालं होतं म्हणाला, आणि खरंच झालं होतं. आईनं त्याला वाढलं नाही. "सकाळी सूर्य उगवल्याबरोबर ये, तव्यावरनं थेट ताटात भाकरी घालते," म्हणाली. तो गेला, आणि आईच रात्रभर चुकचुकत राहिली. पण नियम मोडला नाही. याच दिवसांत ती दरवर्षी एक-दोनदा मुद्दाम गच्चीवर जाऊन कॅलेंडर आणि सूर्य यांची गाठ घालून बघायची. हिवाळ्यातलं आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. वेळ तंतोतंत जुळायची. "बघ, मिनिटाचा फरक न्हाय," म्हणत ती खाली यायची. म्हणजे आई आंधळेपणानं कॅलेंडरवर विसंबली होती असं कुणी म्हणू नये. तिनं पारखून घेतलं होतं.

मी भूगोल घेऊन बी.एस्सी. करत होते. दुसऱ्या वर्षाला आम्हाला अक्षांशावरून दिवसाची लांबी काढायला शिकवली. गावाचा अक्षांश घ्यायचा, त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते घ्यायचं, आणि लॉग टेबल घेऊन बसायचं. रेखांश धरला की घड्याळातली वेळही निघते. मला हे प्रकरण इतकं आवडलं की वर्गातलं उदाहरण सोडून मी घरी कोल्हापूरचंच गणित मांडलं. कोल्हापूर सतराव्या अक्षांशाच्या जरासं खाली. म्हटलं, बावीस डिसेंबर काढूया. उत्तर आलं आणि कॅलेंडरशी एका मिनिटाच्या फरकानं जुळलं. माझी कॉलर ताठ झाली. मग जून काढला. कोल्हापूरचा सूर्यास्त आला सात वाजून नऊ मिनिटं. कॅलेंडर म्हणत होतं सात एकोणीस.

साहजिकच मला वाटलं, मी चुकले. पुन्हा मांडलं, पुन्हा तेच. गणितात खोट असेल तर ती डिसेंबरातही दिसायला हवी होती. दोन दिवस डोकं धरून बसल्यावर मी कॅलेंडरचं पान उलटं-सुलटं करून बघितलं, तेव्हा खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत सापडलं, की वेळा मुंबईच्या आहेत. आणि मग एकदम सगळं उलगडलं. मुंबई आपल्या पश्चिमेला, म्हणून तिथं सूर्य बारा महिने आपल्यापेक्षा पाचेक मिनिटं उशिरा मावळतो. शिवाय ती आपल्या उत्तरेला. पृथ्वी कललेली असल्यामुळं जूनमध्ये जितकं उत्तरेला जावं तितका दिवस लांब, आणि डिसेंबरात तितकाच आखूड. हिवाळ्यात मुंबईचा आखूड दिवस ती पाच मिनिटं खाऊन टाकतो आणि दोन्ही गावांचा सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी होतो. पावसाळ्यात मात्र पाचात आणखी पाच मिळतात.

म्हणजे आई बघायची ते नेमके असे दिवस, जेव्हा चूक झाकली जात होती. मार्च-एप्रिलात फरक पडायला लागायचा, पण तेव्हा परीक्षांमुळं पोरं लवकर जेवून पळायची. मे महिन्यात सुट्टी, मेस बंद. आणि जूनच्या मध्याला कॉलेजं उघडेपर्यंत कोल्हापूरचं आभाळ असं भरून यायचं की सप्टेंबरपर्यंत सूर्याचं तोंड दिसायचं नाही. त्या दिवसांत दिवस मोठा म्हणून पोरं निवांत फुटबॉल खेळून यायची आणि शेवटची पंगत पाटीवरच्या वेळेला टेकेपर्यंत बसलेली असायची. मेस सुरू झाल्यापासून सहा पावसाळे हे असं चाललं होतं. सूर्य गेल्यावर आई वाढत होती, पोरं खात होती, आणि दारावर माझ्या अक्षरातली पाटी होती.

हे आईला सांगायचं कसं, याचा विचार करत मी एक दिवस काढला. या बाईचं सगळं नाव, सगळी मेस एका गोष्टीवर उभी होती आणि तीच गोष्ट मी उचकटून दाखवणार होते. शेवटी दुपारी भांडी आवरल्यावर मी एक मोसंबं घेतलं. कॉलेजात बटाटा घेतात, पण आमच्याकडं कंदमुळं वर्ज्य, त्यामुळं बटाटा आणायचा कुठून? मोसंब्यात सुई खुपसली, दोन लवंगा टोचल्या, एक कोल्हापूर, एक जरा वर आणि डावीकडं मुंबई. बल्बसमोर ते तिरकं धरून फिरवलं. आईनं सगळं नीट बघितलं. मग म्हणाली, "मोसंब्यावरचा सूर्य मोसंब्याला. मला आभाळातला दाखव."

वडील एका कापडदुकानात हिशेबनीस होते आणि घरात त्यांचं धोरण एकच, की वाद नको. ते म्हणाले, "दहा मिनिटात काय धर्म बुडतोय व्हय? उद्यापास्नं पाटीवर खरं ल्ह्या आणि गप बसा. बोंब मारायची काय गरज हाय?"

आई म्हणाली, "आदी बघू दे मला. मग ठरवते."

पण बघणार कसं? पाऊस तर कोल्हापूरचा. रोज संध्याकाळी आम्ही दोघी गच्चीवर जायचो आणि पश्चिमेला राखेचा ढीग बघून खाली यायचो. तोपर्यंत मी सांगितलेली वेळ धरून आई पोरांना लवकर उठवायला बघायची, पण कारण सांगता येत नव्हतं, त्यामुळं पोरं कुरकुरायची. पाटीकडं बोट दाखवायची. आईला खोटं बोलता येत नाही. तिचा चेहरा त्या दिवसांत उतरून गेला होता.

आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी पाऊस थांबला आणि पश्चिमेची कड उघडी पडली. मी धावत जाऊन रेडिओवरच्या सातच्या ठोक्याला हातातलं घड्याळ लावून घेतलं. आई हातातला डाव तसाच घेऊन वर आली. हिवाळ्यात पार डावीकडं मावळणारा सूर्य आता पन्हाळ्याच्या अंगाला सरकला होता. लालबुंद, ओला, चांगला मोठा. तो खाली टेकला, अर्धा झाला, कडेसारखा उरला आणि गेला. मी घड्याळ आईपुढं धरलं. पाटीवरच्या वेळेला अजून दहा मिनिटं होती. खालून भाकरी मागणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येत होता.

वडील मागं येऊन उभे होते. म्हणाले, "डोंगराआड गेला असंल. मावळला नसंल."

"हिवाळ्यात मावळतो तिकडं काय मैदान हाय? तरी वेळ जुळतीयच की," आई म्हणाली आणि जिन्याकडं वळली.

मला वाटलं, ती नेहमीसारखी "पाणी प्या" म्हणेल. तिनं ते म्हटलं नाही. ती पंगतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हात थांबवा."

दहा-बारा मुलंमुली होती. सगळ्यांनी वर बघितलं. एक जण म्हणाला, "अक्का, अजून दहा मिनटं हायत की."

"न्हाईत. सूर्य गेला. मी आत्ता डोळ्यानं बघून आले." तिचा आवाज एरवी तिसऱ्या गल्लीत जायचा, त्या दिवशी खोलीतच राहिला. "ही पाटी चुकीची हाय. मी मुंबईचा सूर्य बघून तुम्हाला हितं वाढत होते. ह्याच वर्षी न्हाय, दरसाल पावसाळ्यात. तुमच्या आदी जी पोरं जेवून गेली त्यांनासुदा. चूक माझी हाय, तुमची न्हाय. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवून खाल्लंसा."

एका मुलीनं हातातला घास हळूच ताटात ठेवला. बाकीच्यांनी तिच्याकडं बघून हात काढले. अन्न टाकणं हेही आमच्याकडं पापच, तेव्हा ती ताटं आईनं स्वतः गोळा करून शेजारच्या गवळ्याच्या म्हशींना नेऊन घातली. मी मागोमाग गेले. म्हशीसमोर उभी राहून ती रडली. मला म्हणाली, "माझं मोडलं असतं तर मी काय ते बघून घेतलं असतं गं. दुसऱ्याचं मोडलं."

रात्री वडिलांनी पुन्हा तेच सांगून बघितलं. पोरं आहेत, विसरतील, उद्यापासून खरी वेळ लिहायची आणि पुढं चालायचं. आई म्हणाली, "उद्याचं पोरगी ल्हील. कालचं कोण पुसणार?" शनिवारी घरी जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं निरोप दिला, की आईवडिलांना सांगा, अक्कांनी बोलावलंय. कशाला बोलावलंय हेही सांगा.

रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत आठ-दहा पालक जमले. त्यांत शिरोळकडचे एक ऊसवाले शेतकरी होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. पांढरी टोपी, दगडासारखा आवाज, आणि नियमाला असे कडक की मुलीला इथं ठेवताना दोन दिवस स्वतः पंगतीला बसून गेले होते. आईनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. मग मला पुढं केलं. मोसंबं एकदा हातातून खाली पडलं.

आप्पांनी ते उचलून दिलं. "पोरी, म्हंजे सूर्य मुंबईला येगळा आन हितं येगळा व्हय?"

"सूर्य एकच, आप्पा. आपण उभं राहतो ती जागा वेगळी."

"बरं. उन्हाळ्याचा दिवस मोठा, हे आमास्नी रानात कळतंय. मुंबईला त्याच्याहून मोठा?"

"थोडासा."

"आन दिल्लीला?"

"आणखी मोठा."

"आन त्याच्या म्होरं?"

"पार उत्तरेला गेलं की काही दिवस सूर्य मावळतच नाही."

"आरं तिच्या! मग जैन माणसानं तितं दिवसभर खात बसायचं?" खोली हसली. मीही हसले आणि मला वाटलं, सुटलो.

पण आप्पा हसले नाहीत. थोडा वेळ टोपी हातात फिरवत बसले आणि आईला म्हणाले, "अक्का, तुमच्यावर माझा राग न्हाय. पर माझ्या म्हाताऱ्या आईनं पोरीला हितं धाडताना माझ्याकडनं शब्द घेतलाय. मी तिला आता काय तोंड दाखवू? पोरगीला मी पावण्यांच्या घरात ठेवतो." आईनं मान डोलावली. ती मुलगी, जिनं घास पहिल्यांदा खाली ठेवला होता तीच, आईच्या पाया पडून गेली. आणखी तिघाचौघांनी मुलं काढून घेतली. त्यांच्याकडं कुणी बोट दाखवावं असं त्यांनी काही केलं नव्हतं.

ते वर्ष जड गेलं. पंगत अर्धी झाली. भाकरीचं पीठ मळताना आईचा हात जुन्या सवयीनं जास्त पीठ घ्यायचा आणि मग ती ते परत डब्यात टाकायची. वडील "मी सांगितलं होतं" असं तोंडानं म्हणत नसत, पण त्यांच्या जेवण्यातून ते ऐकू यायचं. मला आईचा राग यायचा. खरंच यायचा. कुणी विचारलं होतं? कुणाला कळणार होतं? आणि लगेच तिच्याकडं बघितलं की वाटायचं, ही माझी आई आहे, आणि माझा ऊर भरून यायचा. दोन्ही एकाच वेळी व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मी लॉग टेबल घेऊन बसले आणि वर्षभराचे कोल्हापूरचे सूर्यास्त काढले. मामाचं कॅलेंडर देव्हाऱ्याजवळच राहिलं, पण आता फक्त तिथी बघायला. माझ्या वेळा बरोबर आहेत का, हे आई जमेल त्या प्रत्येक महिन्यात गच्चीवर जाऊन तपासायची. मी आकडा सांगायचा, तिनं सूर्य बघायचा. पुढच्या जूनमध्ये जयसिंगपूरकडून नवी मुलं आली. त्यांच्यातल्या एका बापानं दारातच विचारलं, "ती चूक सांगणारी मेस हीच न्हवं?" मला ओशाळल्यासारखं झालं. आईनं मात्र ताठ मानेनं सांगितलं, "हीच. या आत." हळूहळू पंगत पुन्हा भरली. वडिलांनी एक दिवस स्वतःहून पाटी पुसून मला खडू आणून दिला, हीच त्यांची माफी.

मी पुढं शिक्षिका झाले. वर्गात पृथ्वीचा कल शिकवताना पुस्तकात लंडन आणि ओस्लो असतात. मी कोल्हापूर आणि मुंबई सांगते. मुलांना दहा मिनिटं म्हणजे काहीच वाटत नाही. मग मी त्यांना माझ्या आईची गोष्ट सांगते, नाव न घेता, आणि माझा आवाज जरा चढतोच.

दोन हजार सालानंतर आमची मेसची पोरं जगभर पांगली. कुणी पुण्याला, कुणी दिल्लीला, कुणी परदेशात. आईला फोन यायला लागले. "अक्का, इथं दिवस लवकर मावळतोय, कसं करू?" आईचा निकाल ठरलेला, "जितं तू असशील तितला सूर्य धर." वेळ काढून द्यायचं काम माझं. तोपर्यंत मेस बंद झाली होती, आईचे गुडघे गेले होते, पण अशा फोनला ती भिंत धरत का होईना स्वतः उठून यायची.

एकदा डिसेंबरात दुपारी इंग्लंडहून फोन आला. आवाज बाईचा. तिनं ओळख सांगितली. आप्पांची मुलगी. आता तिकडं एका दवाखान्यात नोकरीला लागली होती. म्हणाली, "अक्का, इथं चारच्या आतच अंधार पडतोय. जेवणाची सुट्टी एकला. आन उन्हाळ्यात म्हणं रात्री साडेनवाला मावळतोय. तवा रात्री नवाला जेवलं तर चालंल?"

"चालंल की! दिवस हाय न्हवं?" आई खळखळून हसली. "आन आता एकच्या सुट्टीतच पोटभर जेवून घेत जा. पर गं, तिकडं तर आता सगळं कॉम्प्युटरवर कळतंय म्हणं. वेळ सापडत न्हाय व्हय त्यात?"

"सापडतीय की, अक्का. कवाच बघून ठेवलीय." ती म्हणाली. "आप्पांना सांगितली तर ते ऐकायलाच तयार न्हाईत. म्हणाले, मशीन काय बी सांगंल. कोल्हापूरच्या अक्कांना विचार. त्या खोटं सांगायच्या न्हाईत."

आईनं रिसीव्हर माझ्याकडं दिला आणि भिंतीला टेकली. डोळे पुसायलाही तिला सुचत नव्हतं. मी कागद पुढं ओढून त्या गावाचे अक्षांश-रेखांश विचारत होते, तेवढ्यात तिनं माझा दंड घट्ट धरला.

"नीट काढ," ती म्हणाली. "पुन्ना काढून बघ, आन मगच तिला सांग."